गृहीत

यंत्रांचे आणि माझे फारसे सख्य नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. तरीही यंदा इमारतीतल्या बिऱ्हाडांची फराळाची मागणी नोंदवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आणि नात मदतीला धावली. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली जगापुढे आणलेल्या पायथन भाषेत तिने एक फंक्शन लिहिले.

“आजोबा, यात नाव आणि पदार्थ सांगायलाच हवेत. बाकीचं ऐच्छिक. पुडे किती ते नाही सांगितलं, तर एक धरायचा. याला डिफॉल्ट म्हणतात. सक्तीचं आधी, ऐच्छिक मागून, हा साधा नियम.”

“म्हणजे गृहीत धरायचं!” मी म्हणालो. हे मला चांगले जमते.

पहिल्या बिऱ्हाडाने चकल्या सांगितल्या. कागद नीट छापून आला. दुसऱ्याने करंज्या सांगितल्या, तर त्यांच्या कागदावर चकल्याही! तिसऱ्यांनी लाडू मागितले आणि त्यांच्या वाट्याला तिन्ही आले.

नात थोडा वेळ गप्प बसली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, “पदार्थांची यादी मी गृहीत म्हणून रिकामी ठेवली होती. पण पायथन ती फंक्शनची व्याख्या वाचतानाच, एकदाच बनवतो. दर वेळी नवी नाही. एकच टोपली घरोघर फिरली!”

“पण पुड्यांच्या आकड्याचं असं का नाही झालं?”

“आकडा आहे तसाच राहतो. टोपलीत मात्र भर पडत जाते.” तिने यादीच्या जागी ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, असे लिहिले. ते दिसले की आत नवी टोपली घ्यायची. काम फत्ते झाले.

शेवटी आमचे बिऱ्हाड राहिले. “आजीचं काय?” नातीने विचारले.

“अनारसे,” मी बेधडक सांगितले.

चहा घेऊन आलेली ही दारातच थांबली. म्हणाली, “अहो, अनारसे सासूबाईंना आवडायचे. मला कुणी विचारलंच नाही.”

आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. आई जाऊनही वीस झाली.

मी नातीला हात करून थांबवले. “तुला काय आवडतं गं?” मी विचारले.

ती हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, “थांबा, आठवू द्या.”