श्वास कोंडू नका

सुटी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी समुद्रकाठी वाळूचे किल्ले बांधून आणि शिंपले वेचून मुलांचे समाधान होत असे. आता तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमानातील स्वराज द्वीप येथे गेलेल्या आपल्या मुलामुलींना पाठीवर हवेची टाकी बांधून सागराच्या पोटात उतरावेसे वाटते. ही हौस निश्चितच चांगली आहे. प्रश्न एवढाच की, स्कूबाची बुडी मारण्यापूर्वी नवख्याने शिकावे तरी किती?

"त्यात शिकावयाचे काय? पोहता येते ना!" असे पुष्कळजण म्हणतात. पण पोहणाऱ्याचीच येथे फसगत होण्याचा संभव असतो. विहिरीत सूर मारणारा वरची हवा छातीत भरून खाली जातो. ती हवा खाली आकसते व वर येताना पुन्हा मूळच्या आकारास येते. म्हणून त्याने श्वास कोंडला तरी बिघडत नाही. टाकीतील हवेची गोष्ट निराळी. पाण्यात 10 मीटर खाली दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती सहज बाहेर पडते. कोंडून धरली तर फुप्फुसे फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. दीड-दोन मीटर पाण्यातही हा धोका असतो.

आणि घाबरलेला माणूस काय करतो? श्वास कोंडतो आणि वर धाव घेतो! ही उपजत खोड एका व्याख्यानाने जात नाही. ती सरावानेच मोडावी लागते. चष्म्यात शिरलेले पाणी काढणे, तोंडातून निसटलेली हवेची नळी शोधून पुन्हा धरणे, सोबत्याच्या टाकीतील हवा घेणे, मिनिटास 9 मीटरांहून अधिक वेग न करता सावकाश वर येणे, ह्या गोष्टी उथळ पाण्यात इतक्या वेळा कराव्यात की, खोल पाण्यात त्या विचाराविना घडाव्यात.

'पाडी' ह्या संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात अशा सरावानंतर खुल्या पाण्यात 4 बुड्या घ्याव्या लागतात आणि त्या निदान दोन दिवसांत विभागलेल्या असतात. शिवाय 10 मिनिटे तरंगून दाखवावे लागते. पुढे सोबत्यासह 18 मीटरांपर्यंत जाण्याची मुभा मिळते. पण ही किमान मर्यादा होय. कोणास चार दिवस लागतील, कोणास आठ. हात न थरथरता कृती होऊ लागली, म्हणजे शिक्षण झाले.

ज्यांना केवळ एकदाच, शिक्षकाचा हात धरून उतरावयाचे आहे, त्यांनीही चार गोष्टी पाहाव्यात. दमा, कान व हृदय ह्यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे खरी द्यावीत. आधी उथळ पाण्यात सराव मागावा. शिक्षक सर्व वेळ हाताच्या अंतरावर राहील ना, हे विचारावे. आणि मन कचरले तर "आज नको" असे म्हणण्यास संकोचू नये.

तेव्हा आपल्या मुलास शिक्षकाने आणखी एक दिवस उथळ पाण्यातच ठेवले, तर पैसे वाया गेले असे मानू नका. सागर उद्याही तेथेच असणार आहे. आपले मूल सुखरूप घरी परतावे, ह्यासाठीच तो दिवस खर्ची पडलेला असतो.