कुर्डुवाडीची खानेसुमारी

खानेसुमारीचे आकडे व्यापाऱ्याच्या रोजमेळासारखे असतात. वाचणारा कंटाळतो, पण घरात शिल्लक काय आहे हे दुसऱ्या कशावरून कळत नाही. २०११ च्या खानेसुमारीत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर भरली, बार्शीची १ लाख १८ हजारांवर आणि पंढरपूरची ९८ हजारांवर. या तिन्ही गावांकडील रूळ ज्या एका ठिकाणी मुंबई-सोलापूरच्या हमरस्त्यास येऊन मिळतात, त्या कुर्डुवाडीची वस्ती मात्र बावीस-तेवीस हजारांच्या घरात राहिली. २०२१ साली व्हावयाची गणती ठरल्या वर्षी झाली नाही, तेव्हा हिशेबास हेच आकडे घेतले पाहिजेत. पंढरपूर हे शतकानुशतकांचे क्षेत्र, बार्शी ही जुनी पेठ, लातूर तर जिल्ह्याचे ठिकाण. त्यांची बरोबरी एका जंक्शनाने करावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या गावास आगगाडीने जन्म दिला, त्यास तिने वाढू का दिले नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा खास आहे.

कुर्डुवाडी म्हणजे कुर्डू गावची वाडी, हे नावच सांगते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ पुण्याकडून येथवर १८५९ साली आले व पुढल्या वर्षी सोलापुरास पोहोचले. बोरघाट तेव्हा अजून फोडला जात होता, तो १८६३ साली खुला झाला. या कंपनीच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने घेतली होती, म्हणजे धनी लंडनचा आणि जामीन येथील रयत, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. या ठिकाणच्या स्टेशनास नाव दिले ते 'बार्शी रोड'. वीस-बावीस मैलांवरच्या पेठेस जाणाऱ्यांनी येथे उतरावे, एवढेच त्याचे प्रयोजन.

पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज एंजिनियर या बार्शीच्या व्यापाराकडे पाहून लहान गाडीची कल्पना घेऊन उभा राहिला. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नाही, या हिशेबाने बांधलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली; एकंदर लांबी २०२ मैल. लहान रुळांच्या शास्त्रात हा मार्ग आजही नमुना म्हणून सांगितला जातो, आणि तो मान यथार्थ आहे.

परंतु या नमुन्यात एक गोम होती व तिच्यावरच कुर्डुवाडीचे पोट चालले. मुंबईचा रूळ साडेपाच फुटांचा, बार्शीचा अडीच फुटांचा. बार्शी-लातुराकडून आलेली कापसाची गाठ व गळिताचे पोते लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढविल्यावाचून पुढे जात नसे. व्यापाऱ्यास खर्च दुहेरी आणि खोळंबा निराळा. पण तो खर्च म्हणजेच हमालाची मजुरी, आणि तो खोळंबा म्हणजेच खाणावळवाल्याचे गिऱ्हाईक. ज्या गैरसोयीबद्दल बार्शीचा अडत्या बोटे मोडी, तिच्यावर या गावाची चूल पेटे. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. याच कॅलथ्रॉपसाहेबांनी इंग्लंडात लीक व मॅनिफोल्ड खोऱ्याची लहान रेल्वे बांधली, ती १९०४ साली सुरू झाली. तेथे मोठ्या रुळाचा भरलेला डबा तसाच्या तसा लहान गाडीवर चढवून नेण्याची युक्ती त्यांनी योजिली. कुर्डुवाडीस मात्र माल हमालांच्याच पाठीवरून हलत राहिला. आमच्या मते कारण उघड आहे: येथे पाठ यंत्राहून स्वस्त होती.

१ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने आपल्याकडे घेतली. धनी पालटला, रूळ तेच राहिले. कंपनीच्या कारखान्यात तयार झालेले फिटर, लोहार, सुतार हे या गावाचे खरे भांडवल. माथेरानचा डोंगर चढणाऱ्या छोट्या गाडीचे डबेही दुरुस्तीस येथेच येत. अखेर लहान रूळ उखडून मोठे घालण्याचे काम निघाले. २००८ साली लातूरचा फाटा मोठ्या रुळाने कुर्डुवाडीस जोडला गेला आणि मिरजेकडील काम त्यानंतर दोनएक वर्षांत उरकले.

हे चुकीचे झाले काय? मुळीच नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातुरात पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पडला, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी भरून सुमारे ३४२ किलोमीटर धावत गेली ती याच मार्गाने. जुने रूळ असते तर त्या मोठ्या टाक्या मिरजेच्या स्टेशनातच उभ्या राहत्या. एका गावची मजुरी टिकावी म्हणून अवघ्या मराठवाड्याने खोळंबा सोसावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. ज्याची जमीन रेल्वेखाली जाते त्यास कायदा मोबदला देतो. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याने तर त्या जमिनीवर पोट असणाऱ्या कुळास, शेतमजुरास व कारागिरासही बाधितांत धरले. पण येथे जमीन गेली नाही, काम गेले. १९६९ चा माथाडी कायदा हमालाच्या मजुरीचे व हक्काचे नियमन करतो. हमालीच संपली तर तो काय करणार? सार्वजनिक सुधारणेच्या अंदाजपत्रकात भराव, पूल व रूळ यांचे रकाने असतात. जिची उपजीविका त्या सुधारणेने सरते त्या वस्तीचा रकाना नसतो. हा रकाना घालणे हे सरकारचे कर्तव्य होते, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

कोणी म्हणेल, कारखाना कायम आहे, आणि २०२३ साली निघालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडीस पुणे व सोलापूर यांच्या दरम्यान थांबा मिळाला तो कुर्डुवाडीसच. थांब्याचा आनंद आम्हांसही आहे. पण दोन मिनिटे थांबणाऱ्या गाडीतून उतरणारा उतारू रिक्षा करून बार्शीस किंवा पंढरपुरास निघून जातो. त्याने पेठ वाढत नाही. पेठ वाढते मालाने. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यापासून या मुलखात ऊस व केळी यांचे पीक बळावले. सांगोल्याचे डाळिंब तर दूरवर जाते. डिसेंबर २०२० मध्ये देशातील शंभरावी किसान रेल बंगालकडे निघाली ती सांगोल्याहूनच. हा माल थंड ठेवून, प्रतवारी करून, डब्यांत भरण्याची जागा चार दिशांचे रूळ मिळतात तेथे नसावी, तर कोठे असावी?

पण मागितल्यावाचून ती मिळणार नाही. मोठे रूळ घालताना पूर्वीचा मार्ग सोडून तो उस्मानाबादकडे, म्हणजे आजच्या धाराशिवाकडे, वळविण्यात आला, कारण त्या जिल्ह्याच्या गावाने आपली मागणी लावून धरली होती. कुर्डुवाडीच्या नगरपरिषदेने शीतगृह व मालधक्का यांसाठी रेल्वेच्या पडीक जागेची मागणी ठरावाने करावी. तो ठराव रडगाण्याचा नसावा. कोणत्या महिन्यात किती केळी, किती डाळिंब येथून भरता येईल याचा आकडा पेठेतील व्यापाऱ्यांनी आपल्या वह्या उघडून त्यास जोडावा, आणि त्या कामी हमालीतून सुटलेल्या घरांतील किती माणसे लागतील तेही त्यात लिहावे. हा तक्ता तयार करण्यास येता हंगाम सुरू होईपर्यंतचा अवधी पुरेसा आहे.