शिक्षा कशासाठी?

(फाशी ही सर्वांत कठोर शिक्षा. ती असावी की नसावी, याविषयी लेखकाने या पाठात आपले मत मांडले आहे.)

एखादा भयंकर गुन्हा घडला, की लोक संतापतात. चौकात, चहाच्या दुकानात एकच वाक्य ऐकू येते, "अशा माणसाला फासावरच लटकवले पाहिजे!" हा राग खोटा नसतो. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांचे दुःख कोण भरून काढणार? गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. प्रश्न एवढाच, की ती कशासाठी द्यायची?

शिक्षेचे मुख्यतः तीन हेतू सांगतात. गुन्हेगाराला केल्या कर्माचे फळ मिळावे, इतरांना जरब बसावी आणि गुन्हेगार सुधारावा. फाशीने पहिला हेतू साधतो. दुसरा साधतो की नाही, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. तिसरा मात्र कायमचा संपतो. कारण सुधारायला माणूसच उरत नाही.

आपल्या कायद्यात फाशी आहे. पण खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले. दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच फाशी द्यावी, असा तो निकाल आहे.

तरीही न्यायाधीश ही माणसेच. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहा जणांना फाशीच योग्य ठरवली. २०१९ साली त्याच न्यायालयाने पुरावा पुन्हा तपासला आणि सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. मधल्या काळात ते फासावर गेले असते, तर ही भरपाई कोणाच्या हातावर ठेवली असती? शिवाय निरपराध माणसाला शिक्षा झाली, की खरा गुन्हेगार मोकळाच राहतो. मग ज्यांचे माणूस गेले, त्यांना तरी न्याय कोठे मिळाला?

"पण खुनी माणूस सुधारतो, हे कशावरून?" असे कोणी विचारील. त्याने सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची माहिती घ्यावी. औंध संस्थानात १९३९ साली कैद्यांची ही खुली वसाहत सुरू झाली. खुनाची शिक्षा झालेले कैदीही तेथे बायकामुलांसह राहिले, शेतात राबले. पळून जाणे अवघड नव्हते. पण टाकलेला विश्वास त्यांना बांधून ठेवत होता. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

गुन्हेगाराला मोकळे सोडावे, असे मी म्हणत नाही. समाजाला धोका असेल, तोपर्यंत त्याला तुरुंगातच ठेवावे. पण चूक कळली, तर जन्मठेपेच्या कैद्यासाठी तुरुंगाचे दार उघडता येते. फाशी दिलेल्याचे प्राण परत देता येत नाहीत. जे आपण परत देऊ शकत नाही, ते आपण घेऊही नये, असे मला वाटते.

विचार करा : लेखकाचे मत तुम्हांला पटते का? का, ते सांगा.