स्वतःच्या फोनवर मुदत कशाची?

आयफोनची ॲप्स ज्यात लिहितात ते एक्सकोड फुकट मिळतं. मॅक संगणक आणि ॲपलचं साधं खातं असलं की झालं. म्हणून ‘मग तक्रार कशाची?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. शिकायचं तर फुकट खातं पुरेसं आहे, पुढे जायचं तर वर्षाला ९९ डॉलर भरा, पैशांच्या अटीमुळेच भुरटे लांब राहतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यातलं अर्धं मला मान्य आहे. ॲप स्टोअरवर माल मांडायचा तर तपासणीचा आणि वितरणाचा खर्च आहेच. बाजारात गाळा घेतला की भाडं आलं. गूगल प्लेही २५ डॉलर घेतं, फक्त ते एकदाच.

पण शिकायला फुकट खातं पुरतं, हे खरं नाही. समजा, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीनं आजीसाठी गोळ्यांच्या वेळा ठळक देवनागरीत दाखवणारं ॲप लिहिलं आणि कराडला जाऊन आजीच्या आयफोनवर चढवलं. आयफोन ॲप उघडतो तो त्यावरच्या खात्याच्या डिजिटल सहीमुळे, आणि फुकट खात्याच्या सहीची मुदत सात दिवस. आठव्या दिवशी चिन्ह जागच्या जागी दिसतं, पण बोट टेकवलं तर ॲप उघडत नाही. मग फोन पुन्हा मॅकला जोडायचा आणि एक्सकोडमधून ॲप नव्यानं चढवायचं. दर आठवड्याला हे कोण करणार? लिहिलेलं रोज वापरात आलं की चुका कळतात, आणि खरं शिक्षण तिथंच होतं. नेमकं तेच इथं तोडलं जातं. ते सांधायला ९९ डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये, आणि तेही दरवर्षी! अँड्रॉइडवर आपलं ॲप आपल्याच फोनवर चालवून पाहायला डेव्हलपर मोड चालू केला आणि केबल जोडली की भागतं.

राहिला भुरट्यांचा मुद्दा. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलनं फेसबुकचं एंटरप्राइझ प्रमाणपत्र रद्द केलं. कंपनीच्या अंतर्गत वापरापुरतं दिलेलं ते प्रमाणपत्र वापरून फेसबुकनं बाहेरच्या लोकांना, त्यात किशोरवयीन मुलांनाही, त्यांची माहिती गोळा करणारं ॲप दिलं होतं. असं प्रमाणपत्र देणाऱ्या एंटरप्राइझ खात्याची फी वर्षाला २९९ डॉलर. पैसे भरणारा सचोटीचाच असतो, हे गृहीतक तिथंच कोसळतं. चोरीची ॲप्स फुकट सहीनं पसरतील ही भीती मात्र खोटी नाही. पण त्यासाठी एका फोनवर अशी तीनच ॲप्स, हा निर्बंध आधीच आहे.

२०१५ पर्यंत तर स्वतःच्या आयफोनवर स्वतःचं ॲप चालवायलाही पैसे भरावे लागत. एक्सकोड ७ नं ती अट काढली, आणि त्यामुळे ॲप स्टोअर काही बुडालं नाही. आता पुढचं पाऊल टाकावं. पैसे भरणाऱ्याची सही वर्षभर चालते, तशीच फुकट खात्याचीही चालू द्यावी. तीन ॲप्सची मर्यादा राहू दे, स्टोअरची फीही राहू दे.