मावशीचा पगार कुणाला जास्त वाटतो?



परवा स्वाध्यायानंतर आमच्या वर्ध्यात पाळणाघराच्या फीवरून गप्पा रंगल्या. महिन्याला चार हजार! एक काकू म्हणाल्या, "लेकरं सांभाळायचे एवढे पैसे? त्यात करायचं काय असतं?"

काकू, तुमच्या मांडीवर एका वेळी किती लेकरं मावतात?

हिशोबच करू. दोन वर्षांखालची सहा लेकरं एका बाईकडे दिली, तर सहा चोक चोवीस हजार. त्यातून खोलीचं भाडं, वीज, दूध, खिचडी, फिनाइल, वरकामाची बाई. मावशी आजारी पडली तर बदलीची सोय. उरेल तो मावशीचा पगार. फी उतरवायची तर दोनच वाटा: तिला कमी द्या, नाहीतर तिच्याकडे बारा लेकरं द्या. बारा झाली की एकाचं दुपटं बदलेपर्यंत दुसरं दाराबाहेर. मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला; रडणाऱ्या लेकराला छातीशी धरायला मात्र अजून बाईच लागते, आणि आजीच्या काळी लागत होता तेवढाच वेळ लागतो.

खेळण्यांचा खर्च म्हणाल, तर तो फार नसतो. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. आपल्या सेवाग्रामलाही शांता नारुलकरांनी गरीब गावाला परवडेल अशी पूर्व-बुनियादी शाळा चालवून दाखवली. वस्तू स्वस्त करता आल्या. पण जाणती, मायेची बाई स्वस्त करायची म्हणजे तिचं पोट मारायचं.

सरकारने नेमकं तेच केलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. लेकरांना शिकवणं, वजन घेणं, आहार वाटणं, गरोदर बायांच्या घरी जाणं, वर मोबाईलवर माहिती भरणं, हे सगळं अंगणवाडीताईकडे. आणि तिला म्हणायचं मानसेविका! ४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या ताया संपावर गेल्या तेव्हा सेविकेला महिना दहा हजार आणि मदतनीसाला साडेपाच हजार मानधन होतं. त्यांनी सव्वीस हजार मागितले. संप पन्नास दिवसांवर चालला. नंतर थोडं वाढवून दिलं, पण नाव अजून मानधनच. पगार म्हणायला जीभ का अडखळते?

आता घरातलं सांगते, कारण पाप आमचंही आहे. मी दुकानात बसायचे तेव्हा माझी दोन्ही मुलं सासूबाईंनी सांभाळली. आम्ही अभिमानाने सांगायचो, "आमच्याकडे एक पैसा लागला नाही." त्या सहा वर्षांत त्यांचं सकाळचं सामायिक सुटलं, शिखरजीची यात्रा दोनदा रद्द झाली, धाकट्याला कडेवर घेऊन जिने चढता-उतरता गुडघे गेले. यातलं काहीच आमच्या वहीत चढलं नाही. वही मीच लिहायचे.

त्याच काकूंनी नातवाच्या बारावीच्या क्लासचे लाखभर रुपये घासाघीस न करता भरले. तो दोन वर्षांचा होता तेव्हा मात्र पाळणाघरात पाचशे रुपये कमी करून घेतले होते. चार दानं आपल्याला तोंडपाठ आहेत. पण मावशीची फी दान नाही, तिच्या कष्टाचं देणं आहे.

येत्या रविवारी मी मंडळात एवढंच मांडणार आहे: आपापल्या घरी मोलकरणी येतात, त्यांच्या लेकरांची पाळणाघराची अर्धी फी मंडळाच्या फंडातून द्यायची. मावशी सांगेल तीच फी, भाव करायचा नाही. काकूंना आजच फोन करून सांगितलंय, विरोध करायचा असेल तर समोर येऊन करा.