कपाटातील दान

दीपावली जवळ आली की घरोघर जळमटे निघतात, तांब्यापितळेची भांडी लखलखतात. कपड्यांचे कपाट मात्र तसेच राहते. उघडावे तर घड्या अंगावर कोसळतात! पतंजलींनी अपरिग्रह यमांत गणिला आणि या यमांना देशकालाची मर्यादा नसलेले महाव्रत म्हटले. संन्याशास छाटी पुरते, गृहस्थास पुरणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोन वर्षांत अंगाला न लागलेले वस्त्र आपले कसे म्हणावे?

सर्व कपडे एकदा बाहेर काढावेत. पैठणी, शालू यांच्या घड्या बदलाव्यात, कारण एकाच घडीवर जर तुटते. विरलेल्या सुती लुगड्यांची गोधडी होते.

खरा प्रश्न त्यापुढचा. विटके, उसवलेले तेवढे मोलकरणीच्या हाती द्यावयाचे आणि दानाचे पुण्य आपल्या पदरी बांधावयाचे, ही रीत आम्हांस रुचत नाही. कठोपनिषदातील वाजश्रवसाने सर्वस्वदानाच्या यज्ञात भाकड, थकलेल्या गाई दिल्या. पोटच्या नचिकेतालाच ते पाहवले नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर अवज्ञेने दिलेले दान तामस ठरविले आहे. (कीर्तनकारांस सत्काराच्या शाली पुष्कळ मिळतात, त्याही साठविण्यासाठी नव्हेत!)

द्यावयाचे वस्त्र धड असावे. ते धुवावे, तुटलेली बटणे लावावीत, इस्त्री करावी आणि हवे आहे काय, असे आधी विचारावे. धनत्रयोदशीपूर्वी दिले, तर त्या घरची मुलेही नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर ते अंगावर घालतील.