समलिंगी विवाह : मोर्चा पुण्यात, प्रश्न तळेघरच्या सातबाऱ्याचा

पुण्यात २०११ पासून प्राइड मोर्चा निघतोय. त्यातली लग्नाच्या हक्काची मागणी शहरी वाटते? मग भीमाशंकरच्या वाटेवरच्या तळेघरात एकत्र राहणाऱ्या दोन बायकांची कल्पना करा.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि चेंडू संसदेकडे टोलवला. २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की, अशा जोडप्याला बँकेत जॉइंट खातं उघडता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, दोघांची नावं एकाच रेशनकार्डावर लागतील. चांगलंच आहे. पण एकीचा मृत्यू झाला आणि मृत्युपत्र नसेल, तर दोघींनी मिळून कसलेल्या भातखाचराच्या सातबाऱ्यावर दुसरीचं नाव वारस म्हणून लागत नाही. जमीन भावकीकडे जाते.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये यासाठी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.